बोटाविना टिचकी

गरम वस्तू निवत जाते, तेव्हा तिच्या निवण्याचा वेग कशावर अवलंबून असतो, हे पाहण्याचा प्रयोग भौतिकीच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. तांब्याच्या उष्णतामापीत साधारण ८० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी घ्यायचे, ते ढवळत राहायचे आणि ठरावीक वेळाने तापमान टिपत जायचे. वस्तूचे तापमान आणि भोवतालचे तापमान यांत फरक जितका जास्त, तितका निवण्याचा वेग जास्त, असे न्यूटनचा नियम सांगतो. टिपलेल्या आकड्यांवरून आलेख काढला, की आधी भराभर उतरणारी आणि मग रेंगाळत जाणारी एक सुरेख वक्ररेषा मिळते.

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या तापमापीची जागा आता संगणकाला जोडलेल्या संवेदकाने घेतली आहे. पडद्यावर तापमानाचा आकडा दिसतो आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'नोंद करा' असे एक बटण असते. माउसने त्यावर टिचकी मारली, की त्या क्षणीचे तापमान तक्त्याच्या नव्या ओळीत जाऊन बसते. आपोआप नोंदी घेण्याची सोय त्या आज्ञावलीच्या महाग आवृत्तीत होती. आमच्याकडे होती ती साधी. दर १० सेकंदांना एक याप्रमाणे तासाभरात ३६० नोंदी हव्या होत्या. म्हणजे कोणीतरी घड्याळाकडे पाहत ३६० वेळा टिचकी मारायला हवी! पहिल्याच तुकडीच्या आलेखात विसाव्या मिनिटाच्या सुमारास एक विचित्र पायरी उमटली. पाण्याने न्यूटनचा नियम मोडला नव्हता. टिचकी मारणारे दोघे गप्पांत रंगले होते.

असे कंटाळवाणे काम संगणकाकडेच सोपवता येते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आपोआप टिचकी मारणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. त्यांना 'ऑटोक्लिकर' म्हणतात. पण मग साहजिकच असा प्रश्न पडतो, की बोट नाही, माउस जागचा हललेला नाही, तरी टिचकी वाजते कशी?

माउस काय सांगतो?

माउसचा पहिला नमुना १९६४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची आणि प्रत्यक्ष बांधणी बिल इंग्लिश यांची. लाकडाची एक डबी, तिच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एकच बटण! ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली, आणि आता गोळीही गेली. आजच्या माउसच्या पोटात एक छोटा दिवा व एक चिमुकला कॅमेरा असतो. टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारांहून अधिक चित्रे घेऊन, एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत पृष्ठभाग किती सरकला हे तो काढतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपण टेबलावर कोठे आहोत हे माउसला ठाऊक नसते. दर्शकाचा बाण पडद्यावर कोठे आहे हे तर नसतेच. तो फक्त विस्थापन सांगतो. खात्री करून घ्यायची असेल, तर माउस उचला आणि वीतभर दूर ठेवा. बाण जागचा हलत नाही. अगदी साध्या पद्धतीत माउसचा संपूर्ण निरोप अवघ्या तीन बाइटांचा असतो. पहिल्या बाइटमध्ये कोणते बटण दाबलेले आहे, दुसऱ्यात आडवे विस्थापन आणि तिसऱ्यात उभे. माउस हा निरोप आपणहून पाठवत नाही, तर संगणक ठरावीक वेळाने त्याला विचारत राहतो. साध्या माउसच्या बाबतीत हे विचारणे बहुधा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी होते.

आपण जिला एक टिचकी म्हणतो त्या खरे तर दोन घटना असतात : बटण दाबले गेले आणि बटण सुटले. या दोहोंच्या मध्ये माणसाच्या बोटाला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. बटणाखालच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्यावर काही मिलिसेकंद थरथरतात. ती थरथर म्हणजे नव्या टिचक्या नव्हेत, हे ओळखण्याची तजवीज माउसमध्येच केलेली असते. (जुना माउस एकदा दाबला असता कधीकधी दोनदा दाबल्यासारखा वागतो. पट्ट्या झिजल्या, की ही थरथर आवरेनाशी होते.)

निरोप संगणकात पोचल्यावर पुढचे काम विंडोजसारखी कार्यप्रणाली करते. विस्थापनांची बेरीज करून ती बाणाची जागा ठरवते, त्या जागेखाली कोणती खिडकी आहे ते पाहते, आणि 'डावे बटण दाबले', 'डावे बटण सुटले' असे दोन संदेश त्या खिडकीच्या नावाने रांगेत लावते. खिडकीमागची आज्ञावली रांगेतील संदेश एकेक करून उचलते व त्याप्रमाणे वागते.

आमच्या प्रश्नाचे उत्तर या रांगेत आहे. संदेश रांगेत येण्यापूर्वी तो बोटाने निर्माण केला की आणखी कशाने, याची चौकशी कोणी करत नाही. टपालपेटीत पत्र कोणाच्या हाताने पडले हे पोस्टमन पाहत नाही, त्यातलाच हा प्रकार. विंडोजमध्ये 'सेंड-इनपुट' नावाची एक सोय आहे. तिच्याद्वारे कोणतीही आज्ञावली बटण दाबल्याचा व सुटल्याचा संदेश स्वतः तयार करून त्याच वाटेने आत सोडू शकते. ऑटोक्लिकर एवढेच करतो.

पत्रावर पुसटसा शिक्का मात्र असतो. अशा रीतीने आत सोडलेल्या संदेशाला विंडोज 'बाहेरून घातलेला' अशी खूण जोडते, आणि ज्या आज्ञावलीला पाहायचीच असेल तिला ती पाहता येते. शिवाय २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून असा नियम आहे, की साध्या अधिकाराने चालणारी आज्ञावली, व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीच्या खिडकीवर अशी टिचकी मारू शकत नाही. ऑटोक्लिकर सगळीकडे चालतो आणि एखाद्याच खिडकीवर मुका होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

मांडणी

ऑटोक्लिकर फुकट मिळतात आणि आकाराने लहान असतात. फुकट व लहान आज्ञावलीबरोबर नको ते पाहुणेही घरात शिरतात. म्हणून ती तयार करणाऱ्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावी, विषाणूविरोधी आज्ञावलीकडून तपासून घ्यावी आणि शाळेच्या संगणकावर शिक्षकांना विचारूनच बसवावी.

उघडल्यावर दिसणारी खिडकी सगळ्यांची जवळजवळ सारखीच असते. दोन टिचक्यांमधील कालांतर तास, मिनिटे, सेकंद व मिलिसेकंद अशा चार चौकटींत भरायचे. कोणते बटण, एकेरी टिचकी की दुहेरी, किती वेळा, हे निवडायचे. शेवटी जागा : बाण असेल तेथे, किंवा ठरवून दिलेल्या बिंदूवर.

बिंदू ठरवताना वर्गातील आलेखाची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. पडद्याचा आरंभबिंदू डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात असतो. क्ष उजवीकडे वाढतो, पण य वर न वाढता खाली वाढतो. आपला पडदा १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंचा असेल, तर (१८००, १०००) हा बिंदू उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याजवळ येईल. हे निर्देशक पडद्याचे आहेत, बटणाचे नव्हेत. खिडकी बोटभर सरकवली, की बटण तिच्याबरोबर जाते आणि बिंदू मागे राहतो. म्हणून आधी खिडकी जागेवर पक्की करावी आणि मगच बिंदू निवडावा.

आणि सर्वांत आधी एक काम. टिचक्या थांबवण्याची कळ कोणती, ते पाहून ठेवा. बऱ्याच आज्ञावल्यांत ती एफ-६ असते. सेकंदाला वीस टिचक्या सुरू झाल्यावर 'थांबा' या बटणाकडे माउस न्यायला जाल, तर वाटेत जे जे लागेल त्यावर टिचक्या पडत जातील. कळफलकाची कळ हाच येथे ब्रेक, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी तो लागतो की नाही ते पाहायचे असते. पहिली चाचणी रिकाम्या चित्र-पानावर, टिचक्यांची संख्या दहावर मर्यादित ठेवून घ्यावी.

शंभर म्हणजे शंभरच का?

दुसरी चाचणी अधिक गमतीची आहे. विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडा आणि कळफलकावरून ० + १ असे भरा. आता बरोबरच्या चिन्हावर टिचकी मारत गेलात, की दर टिचकीला उत्तर एकाने वाढते. टिचक्या मोजणारे यंत्र आपल्याला फुकटात मिळाले! ऑटोक्लिकरचा बिंदू त्या चिन्हावर ठेवा, कालांतर १०० मिलिसेकंद भरा आणि घड्याळ लावून बरोबर एक मिनिट चालवा. उत्तर ६०० यायला हवे.

ते ५५० च्या आसपास आले, तर चकित होऊ नका. विंडोजचे आतले घड्याळ सर्वसाधारणपणे सेकंदाला ६४ ठोके देते. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये १५.६ मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ जातो. "१०० मिलिसेकंदांनी मला उठव" असे सांगून झोपलेल्या आज्ञावलीला जाग येते ती ठोका पडतो तेव्हाच. सहा ठोक्यांना ९३.७५ मिलिसेकंद होतात, ते अपुरे पडतात. म्हणून ती सातव्या ठोक्याला, १०९.४ मिलिसेकंदांनी उठते. ६० सेकंदांना या संख्येने भागून पाहा : सुमारे ५४८. काही आज्ञावल्या हे ठोके जलद करून घेतात, त्यांचा आकडा ६०० च्या जवळ येईल. तेव्हा मिळालेल्या आकड्यावरून आपली आज्ञावली कोणत्या जातीची, हेही कळते.

कालांतर १ मिलिसेकंद भरून सेकंदाला हजार टिचक्या मिळवू पाहणाऱ्यांना याच कारणाने निराश व्हावे लागते. उलट कधीकधी थांबवण्याची कळ दाबल्यावरही कॅल्क्युलेटरचा आकडा काही क्षण वाढतच राहतो. संदेश रांगेत लवकर जमले, पण उचलणारा मागे पडला, असा त्याचा अर्थ. आणखी एक खुबी : एकाच जागी अर्ध्या सेकंदाच्या आत पडलेल्या दोन टिचक्या विंडोज सर्वसाधारणपणे दुहेरी टिचकी समजते. फाइलीच्या चित्रावर जलद एकेरी टिचक्या मारू गेल्यास फाइल उघडते ती यामुळे.

एस.टी.चे वेळापत्रक

आता मूळ प्रयोगाकडे येऊ. कालांतर १० सेकंदांचे असताना पंधरा-वीस मिलिसेकंदांची काय मातब्बरी, असे वाटेल. पण समजा, दर फेरीत झोप आणि काम मिळून ३० मिलिसेकंद जास्त लागतात. ३६० फेऱ्यांत ते १०,८०० मिलिसेकंद, म्हणजे १०.८ सेकंद होतात. तासाअखेर आपण एका संपूर्ण नोंदीइतके मागे पडलो! येथे चूक लहान होती, पण ती दर वेळी एकाच दिशेने होत गेली आणि साठत गेली.

एस.टी.च्या गाड्या दर पंधरा मिनिटांनी सोडायच्या आहेत. एक नियंत्रक म्हणतो, "मागची गाडी सुटली, की पंधरा मिनिटांनी पुढची सोडा." दुसरा म्हणतो, "७, ७.१५, ७.३०, ७.४५ या वेळांना सोडा." पहिल्या पद्धतीत प्रत्येक गाडीचा उशीर पुढच्या सर्व गाड्यांच्या माथी बसतो. दुसऱ्या पद्धतीत एखादी गाडी दोन मिनिटे उशिरा सुटली, तरी पुढची वेळेवर सुटू शकते. बहुतेक साधे ऑटोक्लिकर पहिल्या नियंत्रकासारखे वागतात.

दुसऱ्या पद्धतीने वागणारा आपल्याला स्वतः लिहावा लागतो आणि ते वाटते तितके अवघड नाही. 'ऑटोहॉटकी' नावाची एक मोफत आज्ञाभाषा २००३ सालापासून उपलब्ध आहे. तिच्या आज्ञा रोमन लिपीत एका साध्या मजकूर-फाइलीत लिहायच्या. 'क्लिक' म्हणजे टिचकी, 'स्लीप' म्हणजे झोप, 'लूप' म्हणजे पुनरावृत्ती. संगणक सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे सांगणारा आकडाही तीत मिळतो. सुरुवातीला तो आकडा टिपून ठेवायचा. मग पहिल्या टिचकीची वेळ आरंभ अधिक १०,०००, दुसरीची आरंभ अधिक २०,०००, आणि शंभरावीची आरंभ अधिक १०,००,०००. दर वेळी त्या वेळेला जितका अवकाश असेल तितकीच झोप घ्यायची. ठोक्यांमुळे येणारी दहा-पंधरा मिलिसेकंदांची चूक आताही राहते, पण ती साठत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर आमच्या प्रयोगाला याची गरज नव्हती. तासाअखेरीस पाणी मिनिटाला ०.२ अंश या वेगाने निवत असेल, तर १०.८ सेकंदांत ते ०.०४ अंशाने निवेल. आमचा संवेदक ०.१ अंशापर्यंतच वाचतो. लंबकाचे आंदोलनकाल मोजायचे असते, तर मात्र हीच चूक डोळ्यांत भरली असती. आम्ही काळजी घेतली ती घड्याळाची, आणि फसलो दुसरीकडेच.

आंधळी टिचकी

त्या दिवशी प्रयोग छान चालला होता. दर १० सेकंदांना तक्त्यात एक ओळ वाढत होती आणि आम्ही सगळे पाण्याच्या भांड्याभोवती जमलो होतो. ४३ मिनिटे झाली. अडीचशेहून अधिक नोंदी जमल्या. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक सूचना वर सरकली : सुधारणा पूर्ण झाल्या आहेत, संगणक पुन्हा सुरू करायचा का? तिचे 'आता करा' हे बटण नेमके आमच्या 'नोंद करा' या बटणावर येऊन बसले होते. कोणाच्या काही लक्षात येण्यापूर्वी दहा सेकंद भरले, ऑटोक्लिकरने आपले काम चोख बजावले आणि पडदा काळा झाला. तक्ता फाइलीत साठवायचा राहून गेला होता. चूक माझीच होती.

एका विद्यार्थिनीने मात्र जुन्या सवयीने दर पाच मिनिटांनी तापमान वहीत टिपले होते. त्या दिवसाचा आलेख तिच्या नऊ बिंदूंवर काढला.

माणूस 'नोंद करा' हे शब्द पाहतो आणि मग बोट दाबतो. ऑटोक्लिकर (१८००, १०००) या बिंदूवर टिचकी मारतो. तेथे त्या क्षणी काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याला थोडीशी दृष्टी देता येते. ऑटोहॉटकीमध्ये कोणती खिडकी सध्या पुढे आहे हे विचारता येते आणि पडद्यावरील एखाद्या चित्रबिंदूचा रंगही वाचता येतो. आमचे 'नोंद करा' बटण हिरवे होते. टिचकीपूर्वी दोन प्रश्न विचारायचे असे ठरले : आपलीच खिडकी पुढे आहे काय, आणि तो बिंदू हिरवा आहे काय? दोन्हींचे उत्तर होय असेल, तरच टिचकी मारायची. नाहीतर ती टिचकी गाळायची आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची. त्याशिवाय प्रत्येक टिचकीचा क्रमांक व वेळ एका वेगळ्या फाइलीत लिहीत जायची. सगळे मिळून वीस-एक ओळी झाल्या.

ही युक्ती सर्वत्र वापरण्याजोगी नाही, हेही सांगितले पाहिजे. संगणकावरील परीक्षा, इतरांबरोबर खेळायचे खेळ, तिकिटांचे आरक्षण, जाहिरातींवरच्या टिचक्या, अशा ठिकाणी टिचकीमागे माणूस आहे हे गृहीत धरलेले असते आणि ऑटोक्लिकरला तेथे सरळ बंदी असते. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारी 'कॅप्चा' नावाची कटकट याच कारणाने आपल्या वाट्याला आली. दोन टिचक्यांमधील अंतर नेहमी अगदी सारखे असेल, तर त्यावरूनही यंत्र ओळखू येते; माणसाच्या बोटाला इतके नेमके राहणे जमत नाही.

उलट काहींना हीच सोय अत्यावश्यक असते. ज्यांच्या बोटांत बटण दाबण्याची ताकद नाही, त्यांच्यासाठी बाण एखाद्या जागी काही क्षण स्थिर राहिला, की आपोआप टिचकी मारणारी व्यवस्था असते. विंडोजमधील 'माउस कीज' ही सोय सुरू केली, तर अंकफलकावरील कळांनी बाण फिरवता येतो आणि ५ ही कळ दाबून टिचकी मारता येते. या सर्वांतील संदेश कार्यप्रणालीच तयार करते.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा पाणी तापवले. सुधारणांच्या सूचना आधीच बंद केल्या, तक्ता दर पाच मिनिटांनी साठवण्याचे काम एकाकडे दिले आणि त्या विद्यार्थिनीला वही घेऊन शेजारी बसवले. तासाअखेर तक्त्यात ३६० ऐवजी ३५९ ओळी निघाल्या. वेळांची फाइल उघडून पाहिली, तेव्हा २११ व्या क्रमांकापुढे 'गाळली' असे लिहिलेले आढळले. ३५ मिनिटे १० सेकंदांना पेनड्राइव्ह लावल्याची एक चिमुकली सूचना कोपऱ्यात येऊन गेली होती. पेनड्राइव्ह कोणी लावला, हे काही कोणी कबूल केले नाही. आलेखावर तेवढी जागा मोकळी सोडली आणि पुढचे सर्व बिंदू दहा सेकंद पुढे सरकवून त्यांच्या खऱ्या वेळेवर मांडले.